घरी येणारे अनोळखी मांजर : हाकलावे, पाळावे की सांभाळून राहावे?

गेल्या महिन्यातील गोष्ट. दिग्रसमधीलच एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार सर्दी-खोकल्याची होती. मुलीची नाडी पाहताना मनगटाजवळ दोन बारीक, खोल छिद्रे दिसली. त्यांच्याभोवती काहीतरी पांढरे लावून वाळलेले होते. विचारले तेव्हा आई म्हणाली, "काही नाही जी, मांजर चावलं. तीन दिवस झाले. चुना लावून देला."

"मांजर घरचे आहे का?"

"नाही जी. कोनाचं हाय कोन जाने. महिनाभरापासून येते. हे पोरगी त्याले दूध देते."

"मग इंजेक्शन का घेतले नाही?"

यावर आईने जे उत्तर दिले त्याच्यासाठीच हा आठवड्याचा लेख आहे. ती म्हणाली, "मांजरच तं होय डॉक्टरसाहेब, कुत्रं थोडंच होय?"

वाचकहो, कुत्रा चावला की आपण धावपळ करतो. मांजर चावले की चुना, हळद किंवा तिखट लावून मोकळे होतो. परक्या मांजराचे घरी येणे ही तशी साधी घटना. गावात असे एकही घर नसेल की जिथे कधी ना कधी ओळख ना पाळख असलेले मांजर ओट्यावर येऊन बसले नाही. अशा मांजराचे काय करावे, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे आज पाहू.

मांजर आपल्याच घरी का येते?

मांजर कारणाशिवाय घर धरत नाही. पहिले कारण अन्न. उघडे दूध, खरकटे, माशांची किंवा कोंबडीची टाकलेली हाडे. दुसरे कारण उंदीर. आपल्या भागात सोयाबीन, तूर, ज्वारी घरात येते आणि पोत्यांमागोमाग उंदीरही येतात. तिसरे कारण ऊब. दिवाळीनंतर अनेक घरांत कापसाचे ढीग लागतात. थंडीच्या रात्री मांजराला यापेक्षा मऊ गादी कुठे मिळणार? चौथे कारण पिल्ले. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो. दिवस भरत आले की ती माळा, अडगळीची खोली, लाकडाचा ढीग अशा निवांत जागा हुंगत फिरते.

उंदरांसाठी मांजर हवेच, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. या समजुतीला आपल्या वऱ्हाडात एकदा डॉक्टरी पाठिंबाही मिळाला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. त्या काळात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले ब्यूकॅनन नावाचे ब्रिटिश डॉक्टर खेड्यापाड्यांतील मांजरांची मोजदाद करीत होते. ज्या गावात घरोघरी मांजरे, तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९०८ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात तसा लेखही लिहिला. त्यांच्या निरीक्षणात तथ्य होते, कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. मात्र मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झाले. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा स्वच्छता, पिसवांचा नाश आणि औषधोपचार यांनीच ती आटोक्यात आली. सारांश, मांजर उंदीर कमी करते, पण ते काही आरोग्य खाते नव्हे.

आधी मालक शोधा

घरी येणारे मांजर अनोळखी असले तरी ते बेवारस असेलच असे नाही. मांजर मोठे हुशार. एका घरी 'मनी', दुसऱ्या घरी 'चंपा' आणि तिसऱ्या घरी नुसते 'माऊ' अशा तीन नावांनी तीन ठिकाणी जेवणारी मांजरे असतात. तेव्हा प्रथम आळीत आणि मागच्या गल्लीत चौकशी करावी.

मांजर माणसाळलेले असेल तर एक सोपी युक्ती आहे. कागदाची एक पट्टी घ्यावी. तिच्यावर 'हे मांजर आमच्याकडे येते. आपले असल्यास लस टोचली आहे का ते कळवावे' असे लिहून आपले घर कोणते तेही लिहावे. ही पट्टी गळ्याभोवती सैल गुंडाळून टोके डिंकाने चिकटवावीत. मांजर कशात अडकले तर कागद आपोआप फाटतो. दोरी, तार किंवा रबर कधीही बांधू नये, त्याने गळफास बसतो. मांजर जवळ येत नसेल तर हा प्रयोग मुळीच करू नये.

मांजराकडे लांबूनच नीट पाहावे. अंगाने भरलेले, केस चमकदार, माणसाला न घाबरणारे असेल तर ते बहुधा कोणाचे तरी असते. बरगड्या दिसणारे, केस गेलेले, कान फाटलेले, हात पुढे करताच फिस्कारणारे मांजर सहसा उनाड असते. पोटाखालची स्तने सुजलेली दिसली तर जवळपास कुठेतरी तिची पिल्ले आहेत असे समजावे. अशी मांजरी एरवी कितीही गरीब असली तरी या दिवसांत चटकन अंगावर येते.

चावा आणि ओरखडा : इथे हयगय नको

आता मुख्य मुद्दा. रेबीज, म्हणजेच जलसंत्रास, हा रोग आपल्या देशात बहुतांशी कुत्र्यामुळे होतो. परंतु त्या खालोखाल जे प्राणी येतात त्यांत मांजर आहे. पिसाळलेल्या कुत्र्याशी झटापट झाली की मांजरालाही हा रोग होतो आणि मांजराच्या लाळेतून तो माणसाला होतो. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगातून माणूस वाचत नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी मात्र तो जवळजवळ निश्चितपणे टाळता येतो. म्हणून हातात असलेला वेळ फार मोलाचा.

मांजर चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास काय करावे?

१) जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवावी. नुसती चूळभर पाण्याने नव्हे, तर घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे. कोणताही अंगाचा किंवा कपड्याचा साबण चालतो. या एका कृतीने जखमेतील विषाणू मोठ्या प्रमाणात धुऊन जातात.

२) चुना, हळद, तिखट, तेल, कॉफी, शेण, झाडपाला यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते. घरात आयोडीनचे मलम किंवा द्रावण असल्यास लावावे. घट्ट पट्टी बांधू नये.

३) त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जावे. लस तेथे मोफत मिळते. त्या दिवशी जमले नाही म्हणून नंतर जाणेच टाळू नये. उशीर झाला तरी लस घेतलीच पाहिजे.

४) धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. नुसता स्पर्श झाला, खाऊ घातले किंवा अखंड कातडीवर मांजराने चाटले तर हात धुणे पुरेसे असते, लस लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा किंवा कातडीवर हलकेच दात लागले तर लस घ्यावी लागते. दात आत रुतले, ओरखड्यातून रक्त आले किंवा जखमेवर, डोळ्यांत, ओठांवर लाळ लागली तर लसीबरोबर रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. हे सीरम जखमेत व जखमेभोवती टोचतात. ते जवळ उपलब्ध नसल्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी जावे लागते, पण पहिली लस आधी घेऊन मग जावे.

जुन्या मंडळींच्या मनात अजून 'पोटात चौदा इंजेक्शने' ही धास्ती बसलेली आहे. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडात टोचतात. कातडीत द्यायची असल्यास पहिल्या, म्हणजे शून्य दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असल्यास शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी. लहान मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता या सर्वांना ही लस देता येते. दोन पाळ्या घेऊन 'बरे वाटते' म्हणून थांबणे ही मोठी चूक आहे. बरे तर सर्वांनाच वाटत असते, रोग महिन्या-दोन महिन्यांनी उठतो.

आणखी एक गोष्ट. चावलेल्या मांजराला मारू नका. ते डोळ्यांसमोर राहू द्या. चावल्यानंतर दहा दिवस मांजर ठणठणीत जिवंत राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हे निश्चित कळते. मात्र या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. लस सुरू करायची आणि मांजरावरही लक्ष ठेवायचे. अनोळखी मांजर बहुधा नाहीसे होते, म्हणून तर त्याचा चावा अधिक जोखमीचा.

दुसरे आजार

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण जंतू खोलवर जातात. हाताच्या बोटाला किंवा सांध्याजवळ चावा असल्यास चोवीस तासांत सूज, लाली, ठणका सुरू होऊ शकतो. असे झाल्यास घरी शेक घेत बसू नये. प्रतिजैविक औषधे लवकर सुरू केली तर बोट वाचते.

ओरखड्यानंतर एक-दोन आठवड्यांनी मुलाच्या काखेत किंवा मानेला गाठ येते, बारीक ताप येतो, असा एक आजार आहे. मांजरावरील पिसवांमुळे त्याचे जंतू नखांत येतात. गाठ पाहिली की आपल्याकडे लगेच क्षयाची शंका येते, आणि ती तपासणीही योग्यच आहे. पण अशा वेळी 'मांजराने ओरखडले होते' हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. पुष्कळदा ही गाठ आपोआप बसते.

मांजराच्या पिल्लांना कुरवाळल्यानंतर मुलांच्या हातावर, मानेवर गोल, खाजरे चट्टे उठतात. हा गजकर्णाचाच प्रकार. दुकानातून मिळेल ते स्टिरॉइडचे मलम चोळू नये. त्याने चट्टा आधी दबतो आणि मग पसरतो.

'मांजराचा केस पोटात गेला की माणूस दगावतो' हा समज खोटा आहे. केस हे विष नव्हे. मांजराच्या लाळेतील व कोंड्यातील एका द्रव्यामुळे काहींना शिंका आणि दम्याचा त्रास होतो, तो वेगळा. ज्यांना दमा आहे त्यांनी मांजराला अंथरुणावर येऊ देऊ नये.

मांजराने तोंड घातलेले दूध टाकून द्यावे. नकळत ते उकळून प्यायले गेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही, त्यासाठी रेबीजची लस लागत नाही.

गर्भवतींसाठी

घरात सून गरोदर राहिली की 'आधी ते मांजर हाकला' असे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे आणि बरीच भीती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. पण मांजर हा जंतू सहसा आयुष्यात एकदाच, तेही दोन-तीन आठवडे टाकते. शिवाय विष्ठेतील जंतू रोगकारक बनायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजर नुसते ओसरीवर बसल्याने काही होत नाही. गर्भवतीने मांजराची घाण काढू नये, ते काम दुसऱ्याने रोजच्या रोज करावे. बागेत हात घालताना हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी आणि मटण पूर्ण शिजवून खावे. कच्च्या मटणातूनही हा जंतू येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. गर्भपात झाला की सारे खापर मांजरावर आणि त्याला दूध घालणाऱ्या सुनेवर फोडणे हे अन्यायाचे आहे.

लहान मुलांच्या बाबतीत वाळूच्या ढिगाकडे लक्ष द्यावे. बांधकामासाठी दारात टाकलेली वाळू हा मांजरांचा आवडता संडास आणि मुलांचे आवडते खेळाचे मैदान. त्या वाळूतून जंतांची अंडी मुलांच्या पोटात जातात. ढीग ताडपत्रीने झाकावा आणि खेळून आल्यावर हात साबणाने धुण्याची सवय लावावी. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर मच्छरदाणी हवीच, कारण उबेसाठी मांजर पाळण्यात शिरते.

नको असेल तर काय करावे?

शिंके तुटले की बोक्याचे फावते, हे आपण नेहमी म्हणतो. तेव्हा आधी शिंके सांभाळावे. दूध-दही जाळीच्या कपाटात ठेवावे. खरकटे रात्रभर मोरीत ठेवू नये. कौलांतली फट, खिडकीची तुटलेली जाळी, माळ्याचे भोक बुजवावे, पण बुजवण्यापूर्वी आत पिल्ले नाहीत ना हे बघावे. कुंड्यांत व अंगणातल्या वाफ्यांत संत्र्या-लिंबाची साले टाकावीत. तो वास मांजराला आवडत नाही, मात्र साले वाळली की बदलावी लागतात. मांजर ओट्यावर आले की टाळी वाजवावी किंवा थोडे पाणी शिंपडावे. घरातील सर्वांनी आठ-पंधरा दिवस एकच धोरण ठेवावे. आजीने काठी दाखवायची आणि नातीने चोरून दूध द्यायचे, असे चालले तर मांजर कधीच जाणार नाही.

मारझोड करू नये. कोंडलेले मांजर अंगावर झेप घेऊ शकते. पोत्यात घालून दूर सोडून येण्याचा प्रयोगही करू नये. पोत्यात घालतानाच अनेकांना चावे बसतात, मागे पिल्ले उपाशी मरतात, आणि घरात उंदीर व खरकटे असेल तर महिन्याभरात दुसरे मांजर हजर होते.

सर्वांत वाईट मार्ग म्हणजे विष. कीटकनाशक दुधात कालवून ठेवणारे लोक आहेत, हे दुःखाने लिहावे लागते. फवारणीचे औषध काय करते हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच विष ताटलीत घालून ओसरीवर ठेवले तर ते मांजरच पिईल, रांगणारे मूल पिणार नाही, याची हमी कोण देणार? जुने लोक सांगत की मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला द्यावे लागते. आजचा कायदा काशीला पाठवत नाही, पण प्राण्याला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हवे असेल तर

मालक सापडला नाही आणि मांजर घरात रुळले तर ते रीतसर पाळावे. अर्धवट पाळणे, म्हणजे दूध आपण घालायचे आणि 'आमचे नाही' म्हणायचे, हे सर्वांत घातक. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्यावी. ती पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे परत द्यावी लागते. जंताचे औषध व पिसवांवर उपाय करून घ्यावा. नेताना झाकणाची टोपली वापरावी. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधी देऊ नये, ती त्याच्यासाठी जीवघेणी आहे. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, पाणी व शिजवलेले अन्न बरे. मांजरी सहा महिन्यांच्या आतबाहेर वयात येते आणि वर्षात दोन-तीनदा विते. म्हणून नसबंदीची शस्त्रक्रिया करणे हाच तिच्यावरचा आणि शेजाऱ्यांवरचा उपकार.

आजारी मांजर दिसल्यास

लाळ गाळणारे, आवाज बदललेले, विनाकारण अंगावर धावणारे, लटपटणारे किंवा दिवसभर अंधारात दडून बसणारे मांजर दिसले तर मुलांना घरात घ्यावे, त्याला पकडू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला व नगर परिषदेला कळवावे. अलीकडे बर्ड फ्लूचीही भर पडली आहे. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या या रोगाने मेले आणि २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तो आढळला. म्हणून कोंबडीची कच्ची आतडी, पिसे मांजरांपुढे टाकू नयेत. मेलेले मांजर उघड्या हाताने उचलू नये.

शेवटी त्या मुलीविषयी

मुलीची जखम पुन्हा पंधरा मिनिटे धुतली. लगेच लस सुरू झाली, सीरमही दिले गेले. मांजर त्या दिवसापासून बेपत्ता होते. आईला रात्री झोप लागेना. आठव्या दिवशी शेजारच्या गल्लीतील एका घरी, कापसाच्या ढिगामागे ते सापडले. सोबत तीन पिल्ले होती. मुलीने उचलायला गेल्यावर ते का चावले याचा उलगडा झाला. दहा दिवस उलटून गेले तरी मांजरी धडधाकट होती. तरीही मुलीने लसीच्या चारही पाळ्या पूर्ण केल्या. परवा आई भेटली तेव्हा म्हणाली, "आता मांजर दिसलं का पोरगी आधी मालेच इचारते, याले लस देली काय?"

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे. मांजराशी वैर नको आणि आंधळी माया नको. चावले तर साबण, पाणी, पंधरा मिनिटे आणि थेट रुग्णालय. एवढे चार शब्द स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी पुष्कळ झाले.